वाचकांचे प्रश्न : मारधाडपट आणि त्याचा नायक

गेल्या अंकात आम्ही मारधाडपटांविषयी प्रश्न मागवले होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : घरी ‘शोले’ लागला की आजोबांपासून नातवापर्यंत सगळे बसून बघतात. हल्लीच्या चित्रपटांत दहापट माणसं आणि दहापट स्फोट असतात, तरी ते दुसऱ्यांदा बघावेसे वाटत नाहीत. हे नुसतं जुन्याचं प्रेम आहे का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : जुन्याचं प्रेम असतं तर नातू उठून गेला असता. ‘शोले’ (१९७५) टिकला, कारण तो पडद्यावरच्या गोष्टींचा हिशेब ठेवतो आणि प्रेक्षकालाही ठेवू देतो. सुरुवातीचा आगगाडीवरचा हल्ला आठवा. गाडीत ठाकूर आणि बेड्या घातलेले दोन चोर, बाहेर घोड्यांवर डाकू. गाडी कुठल्या दिशेने धावते आहे, घोडे कुठून भिडताहेत, टपावर कोण आहे आणि इंजिनात कोण, यातलं काहीच आपल्या नजरेतून सुटत नाही. हा प्रसंग मुंबई-पुणे लोहमार्गावर पनवेलजवळ चित्रित झाला आणि त्याला सात आठवड्यांहून जास्त वेळ लागला. ‘शोले’ला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो एकच, संकलनाचा. संकलक होते एम. एस. शिंदे. त्या एका पुरस्काराने योग्य जागी बोट ठेवलं, असं आमचं ठाम मत आहे.

तरीही वीरू आणि जय नायक होतात ते या मारामारीमुळे नाही. मारामारी संपते तेव्हा ठाकूर जखमी असतो आणि या दोघांना पळून जायची पूर्ण मोकळीक असते. निर्णय नाण्यावर टाकला जातो आणि ते त्याला दवाखान्यात पोचवतात. त्यांचं बळ आपण नुकतंच पाहिलेलं असतं, आता ते बळ कुणासाठी खर्च होणार ते कळतं. यांतलं एक जरी गाळलं तरी दुसरं फिकं पडतं.

गब्बर येतो तो सुमारे तासाभराने. त्याचा पहिलाच प्रश्न माणसांच्या संख्येचा. मग पिस्तुलात गोळ्या किती, समोर माणसं किती, याची तो मोठ्याने वजाबाकी करतो आणि तीन गोळ्या हवेत उडवतो. तिघं वाचतात, हसतात, आणि मग मारले जातात. सगळा हिशेब चोख मांडून तो शेवटी मुद्दाम मोडला आहे. या माणसाच्या राज्यात नियम पाळूनही कुणी वाचत नाही, हे प्रेक्षकाला एका प्रसंगात कळतं. पुढचे दोन तास गब्बर पडद्यावर नसला तरी त्याची भीती असते.

हल्लीच्या बऱ्याच चित्रपटांत दोनशे माणसं चालून येतात, पण किती पडली आणि किती उरली ते कळत नाही. नायकाची बंदूक रिकामी होत नाही, तो दमत नाही. शंभरावा माणूस पडताना आणि दुसरा पडताना आपल्याला सारखंच वाटतं, म्हणजे काहीच वाटत नाही.

हिशेब कसा मांडावा याचा उत्तम धडा अकिरा कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराई’त (१९५४) आहे. लुटारूंपासून एक गाव वाचवायला सात सामुराई, म्हणजे जपानी योद्धे, येतात. लढाईआधी त्यांचा म्होरक्या सगळं गाव पायी हिंडतो. एका बाजूला कुंपण, एकीकडे भातशेतीत पाणी सोडायचं, एकीकडचा पूल पाडायचा आणि एक वाट मुद्दाम उघडी ठेवायची, म्हणजे शत्रू आपण ठरवू तिथूनच आत येईल. कागदावर प्रत्येक लुटारूसाठी एक वर्तुळ असतं आणि एकेक मेला की त्यावर फुली पडते. लुटारूंकडे बंदुका फक्त तीन. सातांपैकी चार सामुराई मरतात आणि चौघंही गोळीनेच. तलवारीने त्यांना कुणी हरवू शकत नाही. हा चित्रपट तीन तास सत्तावीस मिनिटांचा आहे, पण शेवटच्या पावसातल्या लढाईत तुम्ही त्या गावाचे रहिवासी झालेले असता.

प्रश्न : ‘डाय हार्ड’चा नायक दिसायला साधा, थोडा चिडका, सतत पुटपुटणारा. तरी जगभर त्याचं इतकं कौतुक का? (एक वाचक, नारायण पेठ)

उत्तर : कारण त्या साधेपणाची किंमत चित्रपट पैन् पै वसूल करतो. १९८८ साली हॉलिवूडमध्ये स्टॅलोन आणि श्वार्झनेगर यांच्या पीळदार शरीरांची चलती होती. ब्रूस विलिस तेव्हा ओळखला जायचा तो दूरचित्रवाणीवरच्या एका विनोदी मालिकेसाठी. दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन यांना त्याचा फायदा झाला : हा माणूस हरू शकतो, हे प्रेक्षकाला आधीच पटलेलं होतं.

आता त्याच्याजवळ काय आहे ते मोजा. जॉन मॅक्लेन, न्यूयॉर्कचा पोलीस, लॉस एंजेलिसमध्ये पाहुणा, बायकोशी बिनसलेलं. विमानात शेजारच्या प्रवाशाने दिलेला सल्ला ऐकून तो बूट-मोजे काढून गालिच्यावर पाय मोकळे करत असतो, आणि नेमके तेव्हाच हल्लेखोर इमारत ताब्यात घेतात. त्याच्याकडे एक पिस्तूल, अंगात बनियन, पाय अनवाणी. पुढे मारलेल्या माणसाचे बूट तो घालून बघतो, ते लहान निघतात. जवळपास तासाभरानंतर खलनायक ग्रूबरच्या लक्षात येतं की हा अनवाणी आहे, आणि तो काचा फोडायला सांगतो. त्याआधीची सगळी मांडणी या एका हुकमासाठी होती. मग मॅक्लेन न्हाणीघरात बसून तळव्यातून काचा उपसतो आणि वॉकीटॉकीवर एका अनोळखी हवालदाराला सांगतो की माझ्या बायकोला माझा माफीचा निरोप दे. इथे तो खऱ्या अर्थाने नायक होतो. त्याला मरणाची भीती वाटते आहे, आपण चुकलो होतो हेही त्याला कळलं आहे, आणि तरी तो उठणार आहे.

त्याच्या बनियनकडेही लक्ष ठेवा. सुरुवातीला पांढरं असतं, शेवटाकडे काळपट होतं. हल्लेखोरांची नावं तो मार्करने दंडावर लिहून ठेवतो. शेवटी उरतात दोन गोळ्या आणि पाठीला चिकटपट्टीने लावलेलं पिस्तूल. दोनच गोळ्या आहेत हे ठाऊक असल्यामुळे तो प्रसंग श्वास रोखून बघितला जातो.

खलनायकाचंही श्रेय मोठं आहे. ॲलन रिकमन यांचा हा पहिलाच चित्रपट. ग्रूबर नायकाइतकाच हुशार आहे. समोरासमोर आल्यावर तो क्षणात ओलीस असल्याचं सोंग घेतो. नायकाला बुद्धी वापरायला लावणारा खलनायक असला की नायकाची उंची आपोआप वाढते. मूर्ख खलनायकाला हरवून कुणी मोठं होत नाही.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे पाच जण मिळून लघुपट करतो आहोत. गच्चीवर मोबाइलवर फाइट शूट केली. ठोसे लागतच नाहीत असं स्पष्ट दिसतं आणि सगळं पोरखेळासारखं वाटतं. चूक कुठे होते? (एक विद्यार्थी, कर्वेनगर)

उत्तर : पत्रासोबतच्या वर्णनावरून तीन चुका दिसतात : कॅमेरा बाजूला उभा आहे, तुम्ही मोबाइलची मुख्य लेन्स वापरली आहे, आणि आवाज नेटवरून उतरवलेला एकच ‘ढिशूम’ आहे. एकेक घेऊ.

कॅमेऱ्याची जागा. दोघांना बाजूने दाखवलं तर मूठ आणि गाल यांच्यातली फट उघडी पडते. कॅमेरा मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे न्या, म्हणजे मारणारा, मार खाणारा आणि कॅमेरा जवळपास एका रेषेत येतील. ठोसा सरळ न मारता कानाच्या बाजूने आडवा फिरवा. मूठ चेहऱ्यासमोरून एका कडेकडून दुसरीकडे गेली की पडद्यावर ती लागल्यासारखीच दिसते. प्रत्यक्षात मूठ आणि चेहरा यांत किमान वीतभर अंतर हवंच. ते कमी करून शॉट सुधारत नाही, फक्त नाक फुटतं.

लेन्स. मोबाइलची मुख्य लेन्स रुंद असते आणि रुंद लेन्स अंतर वाढवून दाखवते. फोनला दुप्पट किंवा तिप्पट जवळ आणणारी वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर ती लावा आणि स्वतः पाच-सहा पावलं मागे जा. लांब लेन्सने अंतर दबतं आणि वीतभर फट नाहीशी होते. नुसतं बोटांनी झूम करू नका. त्याने चित्र फुटतं आणि उभं राहण्याची जागा न बदलल्यामुळे अंतर तसंच राहतं.

प्रतिक्रिया. फाइट मास्टर लोक मारणाऱ्यापेक्षा मार खाणाऱ्यावर जास्त मेहनत घेतात. क्रम असा ठेवा : आधी नजरानजर, मग मारणाऱ्याने हात मागे घेणं, त्यावर समोरच्याची तयारी, मग ठोसा. मूठ नाकासमोरून जाताच मान त्याच दिशेला वळली पाहिजे आणि मानेपाठोपाठ खांदा. आधी वळली तर नाटक वाटतं, उशिरा वळली तर गंमत वाटते. सराव चौथाई वेगाने सुरू करा, मग निम्म्या, मग पाऊण. कॅमेऱ्यासमोरही पूर्ण वेग नको. राहिलेला वेग संकलनात मिळतो.

तो कसा, तर पूर्वीचे कॅमेरामन सेकंदाला २४ ऐवजी २२ चौकटी (फ्रेम) घेत, त्यामुळे हालचाल नऊ टक्क्यांच्या आसपास जलद दिसे. तुम्ही २५ चौकटींवर चित्रित करा आणि संकलनात फक्त मारामारीचे तुकडे १०८ ते ११० टक्के वेगाने चालवा. त्याच्या बरंच वर गेलात तर मूकपटातल्या विनोदी धावपळीसारखं दिसेल. २५ चौकटी आणि शटर एक पन्नासांश सेकंद धरण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जिन्यातल्या किंवा पार्किंगमधल्या ट्यूबलाइटखाली वेगळा आकडा धरला तर चित्र लुकलुकतं.

कट. ठोसा लागण्याच्या क्षणी कापू नका, हात फिरत असताना कापा. पुढचा शॉट दोन-तीन चौकटी मागून सुरू करा, म्हणजे ठोशाचा शेवट किंचित दोनदा दिसेल. डोळ्याला पुनरावृत्ती जाणवत नाही, जोर जाणवतो. हाँगकाँगच्या संकलकांनी हे तंत्र फार नेमकेपणाने वापरलं. आणि दोघांमधून एक रेघ कल्पून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. रेघ ओलांडलीत तर डावीकडचा अचानक उजवीकडे जाईल आणि कोण कुणाला मारतो आहे ते कळणार नाही.

आवाज. एका ठोशाला निदान तीन थर लागतात. मूठ पोचण्याआधी कापडाची फडफड, टॉवेल हवेत झटकून ती मिळते. मग बोदा आवाज, ओला टॉवेल गुंडाळून त्यावर बुक्की मारा. डोक्यावर किंवा बरगडीवर मार असेल तर त्यात कच्चं गाजर मोडल्याचा बारीक कडाका मिसळा. यावर नटाचा श्वास आणि कण्हणं वेगळं ध्वनिमुद्रित करून चढवा. प्रत्येक ठोशाला हेच मिश्रण लावू नका, खांद्यावरचा फटका आणि जबड्यावरचा फटका वेगळा वाजला पाहिजे.

एवढं सगळं केलंत तरी एक गोष्ट राहील. पाच मिनिटांच्या मारामारीत दोघांपैकी एकालाही काही झालेलं दिसत नसेल तर तंत्र वाया जाईल. पहिल्या मिनिटाला उजवा हात दुखावला असेल तर तिसऱ्या मिनिटाला त्याने दार डाव्या हाताने उघडलं पाहिजे. असे दोन-तीन तपशील कागदावर लिहून चित्रीकरणाच्या जागी लावून ठेवा, कारण शॉट उलटसुलट क्रमाने घेताना हेच आधी विसरलं जातं.

आता सुरक्षेविषयी, आणि हा भाग कृपा करून कुणी गाळू नका. गच्चीच्या कठड्यापासून निदान तीन-चार मीटर आत काम करा. कोपर आणि गुडघ्यांना कपड्यांखाली पॅड बांधा. खरी काच कधीही फोडू नका. पडण्याचा शॉट दोन भागांत घ्या : तोल जाताना चेहरा, आणि मग गुडघ्याच्या उंचीवरून गादीवर पडणं. मधली उंची प्रेक्षक मनाने भरून काढतो. खऱ्यासारखी दिसणारी खेळण्यातली बंदूक उघड्यावर काढायची असेल तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात आणि सोसायटीत कळवा. आणि पाचांपैकी कुणीही, कधीही ‘थांब’ म्हटलं की सगळं थांबलं पाहिजे, शॉट कितीही चांगला चालला असला तरी.

प्रश्न : हाणामारीत भराभर कट आले की काही समजत नाही, डोकं दुखतं. पण ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये तर कट मोजता येणार नाहीत इतके आहेत, तिथे मात्र सगळं कळलं. का? (एक वाचक, निगडी)

उत्तर : तो दोन तासांचा चित्रपट आणि त्यात सुमारे २,७०० शॉट आहेत. दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी कॅमेरामन जॉन सील यांना चित्रीकरणात आग्रह धरला की महत्त्वाची गोष्ट, मग ती नाक असो, बंदूक असो वा चाक, चौकटीच्या मध्यावरच ठेवायची. शॉट बदलला तरी डोळ्याला नवीन जागा शोधावी लागत नाही. साधारणपणे कट झाल्यावर नजर कुठे न्यायची हे ठरवण्यात काही चौकटी जातात. शॉटच दहा-बारा चौकटींचा असेल तर बघायला काही उरतच नाही. मार्गारेट सिक्सेल यांनी जवळपास ४८० तासांच्या चित्रीकरणातून हा चित्रपट बेतला आणि त्यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं. शिवाय कथेची दिशा एकच आहे : पळत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. बस्टर कीटनच्या ‘द जनरल’मध्येही (१९२६) इंजिनाचा पाठलाग असाच जातो आणि उलट दिशेने परततो.

प्रश्न : तुम्ही हिशेबावर भर देता, पण ‘बुलिट’मधल्या पाठलागात एकच हिरवी फोक्सवॅगन पुन्हापुन्हा मागे टाकली जाते आणि काळ्या गाडीच्या चाकांवरच्या टोप्या चारपेक्षा जास्त वेळा उडतात. तरी तो पाठलाग आदर्श मानतात. मग? (एक वाचक, कर्वे रस्ता)

उत्तर : निरीक्षण अगदी बरोबर. एकच पळापळ अनेक कॅमेऱ्यांनी टिपली आणि ते तुकडे एकापुढे एक जोडले, त्यामुळे ती गाडी परत परत येते. पण प्रेक्षक मोटारींच्या टोप्या मोजत नसतो. कोण कुणाच्या मागे आहे, अंतर वाढलं की घटलं आणि गाडी हाताबाहेर जाते आहे का, एवढंच तो मोजतो, आणि त्यात चूक नाही. सुरुवातीला मारेकरी पोलिसाच्या मागावर असतात. मग तोच त्यांच्या आरशात दिसतो आणि शिकार-शिकारी बदलतात. दुसरा गुण आवाजाचा. लालो शिफ्रिन यांचं संगीत पाठलाग पेटण्याच्या क्षणी थांबतं आणि पुढे सगळं इंजिन, टायर आणि गिअर यांवर चालतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर गाडी आदळते तेव्हा तिचं वजन कानाला कळतं. १९६८च्या या चित्रपटालाही संकलनाचंच ऑस्कर मिळालं, फ्रँक केलर यांना.

प्रश्न : मारधाडपटात बायकांच्या वाट्याला वाट बघणं किंवा ओलीस राहणं, एवढंच येतं का? (एक वाचिका, सदाशिव पेठ)

उत्तर : पुष्कळदा येतं, आणि ती लेखनातली गरिबी आहे. पण आपल्याकडे सुरुवात वेगळी झाली होती. होमी वाडियांच्या ‘हंटरवाली’त (१९३५) चाबूक घेऊन घोड्यावर बसलेली नादिया होती. तिचं मूळ नाव मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. ‘मिस फ्रंटियर मेल’मध्ये (१९३६) ती धावत्या गाडीच्या टपावर लढते. तिच्या अंगात खरी ताकद होती, पुरुषाला खांद्यावर उचलताना ते दिसतं.

लिहिण्याच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखी आहे ती जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’मधली (१९८६) रिप्ली. चित्रपटाच्या पूर्वार्धात सैनिक तिला कमी लेखतात, तेव्हा ती माल उचलणाऱ्या यंत्रात शिरून एक जड पेटी सहज हलवून दाखवते. गोदीत काम करताना ते यंत्र ती शिकलेली असते. प्रसंग मिनिटभराचा. शेवटी परग्रहावरच्या राक्षसी मादीसमोर ती तेच यंत्र चढवून येते तेव्हा कुणालाही ‘हिला हे कसं येतं’ असा प्रश्न पडत नाही. आणि ‘पोलीस स्टोरी ३’मध्ये (१९९२) मिशेल यो मोटारसायकलवरून चालत्या मालगाडीवर उडी घेते, ती उडी तिने स्वतः मारली आहे.

प्रश्न : मराठी ऐतिहासिक चित्रपट बघताना ऊर भरून येतो, पण लढाई बघताना थरार कमी पडतो. पैसा कमी पडतो म्हणून का? (एक वाचक, धायरी)

उत्तर : पैसा कमी असतो हे खरं, पण थरार कमी पडायचं मुख्य कारण ते नाही. आपल्याकडे घोडखिंडीची कथा आहे. मारधाडपटाला लागतं ते सगळं त्या कथेत आधीपासून आहे. जुलै १६६०, पन्हाळ्याचा वेढा, पावसाळी रात्र, विशाळगडापर्यंत सुमारे साठ किलोमीटरची वाट. अरुंद खिंड, म्हणजे शत्रू कितीही असला तरी एका वेळी समोर थोडेच येणार. परंपरा सांगते ती संख्या तीनशे. आणि मुदत पक्की : महाराज गडावर पोचल्याच्या तोफा होईपर्यंत. जागा, बळ आणि वेळ तिन्ही मोजलेलं. बाजीप्रभूंचा पराक्रम उंच वाटतो तो या मोजमापामुळेच.

पडद्यावर हे कुठे सांडतं? बहुतेक ठिकाणी खिंड आधी नीट दाखवली जात नाही. तिचं तोंड कुठे, मागची वाट कुठे, उंच दरड कुठल्या हाताला, हे लढाईआधी दोन शांत शॉटमध्ये दाखवायला जास्त खर्च येत नाही. दुसरं, प्रत्येक वार संथ गतीत. संथ गती वजन काढून घेते. ती एखाद्या निर्णायक क्षणापुरती राखून ठेवावी. तिसरं, रात्रभर चिखलातून धावलेला मावळा ताजातवाना दिसतो. त्याची धाप ऐकू आली पाहिजे, तलवार तिसऱ्या वाराला जड झाली पाहिजे, मूठ पावसाने निसटली पाहिजे. एक भाला मोडला तर पुढे तो मोडकाच दिसला पाहिजे.

माणसं कमी असणं ही अडचण खिंडीत उलट सोयीची ठरते. चाळीस जणांना अरुंद जागेत दाटीने उभं करून लांब लेन्सने टिपलं, मागे धूर सोडला, तर शेवट कुठे आहे ते दिसत नाही. पुढच्या दोन रांगांना नीट घडवलेली बोथट शस्त्रं द्या, मागच्यांना रबरी चालतात. टँकरने पाऊस पाडणार असाल तर दिवा पावसाच्या मागून यायला हवा, समोरून टाकलेल्या प्रकाशात थेंब दिसतच नाहीत. आणि तोफेचा पहिला आवाज येण्याआधी काही क्षण सगळं संगीत बंद ठेवा. ज्या आवाजासाठी तीनशे माणसं उभी आहेत, तो आवाज पार्श्वसंगीतात बुडाला तर कथाच बुडते.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलाला चांगले मारधाडपट दाखवायचे आहेत. कुठून सुरुवात करू? (एक पालक, सहकारनगर)

उत्तर : ‘द जनरल’पासून. संवाद नाहीत, रक्त नाही, आणि पुलावरून खरंखुरं इंजिन नदीत कोसळतं. त्यानंतर जॅकी चॅनचा ‘प्रोजेक्ट ए’ (१९८३). त्याच्या चित्रपटांच्या शेवटी फसलेले शॉट दाखवतात, ते मुलासोबत जरूर बघा. पडल्यावर खरंच लागतं, हे तिथे कळतं. ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) मुलांना फार आवडतो, पण शेवटी चेहरे वितळण्याचं दृश्य आहे, तेव्हा जवळ बसा. ‘शोले’ दहाव्या वर्षी चालेल. मात्र ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग कडक आहे आणि त्यावर नंतर बोलावं लागेल. ‘डाय हार्ड’ला अजून पाच-सहा वर्षं थांबा. २०२४ पासून आपल्याकडे यूए प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षं असे वेगळे टप्पे आले आहेत. नव्या चित्रपटांसाठी तो आकडा तिकीट काढण्याआधी बघून घ्या.

प्रश्न : हे जुने चित्रपट पुण्यात मोठ्या पडद्यावर कुठे बघायला मिळतील? घरच्या टीव्हीवर बघण्यात खरंच फरक पडतो का? (एक वाचक, एरंडवणे)

उत्तर : फरक पडतो. लांबून टिपलेल्या शॉटमध्ये नायक बोटभर दिसतो आणि त्याच्याभोवतीची जागा बघायची असते, लहान पडद्यावर ती जागा दिसत नाही. तुम्ही तर अगदी जवळ राहता. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथल्या खेळांवर लक्ष ठेवा. शेजारी, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेवर असलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या साथीने उन्हाळ्यात रसास्वाद शिबिर होतं, त्यात जगभरातले अभिजात चित्रपट दाखवतात. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे पिफमध्ये, सिंहावलोकन विभाग तपासा.

घरीच बघायचं असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मोशन स्मूदिंग’ किंवा तत्सम नावाची सोय बंद करा. ती मधल्या चौकटी स्वतः तयार करते, त्यामुळे ठोशातला झटका मऊ होतो आणि चित्रपट मालिकेसारखा दिसतो. आवाजाची ‘नाइट मोड’ही बंद ठेवा, कारण ती कुजबुज आणि स्फोट एका पातळीवर आणते. चित्र ताणून पडदा भरू नका. वर-खाली किंवा बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या, त्या काढायला गेलात तर कडेने येणारा घोडेस्वार कापला जाईल.